खालांच्या वरच्या मजल्याची फरशी

मी फरशीचा मिस्त्री आहे. राहतो जालन्यातल्या मस्तगडात, मूळ गाव अंबड तालुक्यातलं. वडील मेंढरं राखायचे, त्यांचा सगळा जन्म माळावर गेला. माझा मात्र लोकांच्या घरात गुडघे टेकून टाइल बसवण्यात चाललाय. या कामाला मी कधी कंटाळलो नाही. सकाळी खोलीत नुसती वाळू आणि सिमेंट असतं. संध्याकाळी दारातून बघावं तर सगळे सांधे एका रेषेत गेलेले असतात. ते बघायला मला अजूनही आवडतं.

काही वर्षांपूर्वी जुन्या जालन्यातल्या एका अरुंद गल्लीत मला एका घराच्या वरच्या मजल्याचं काम मिळालं. घरमालकीण साठीच्या आसपासच्या, नवरा वारलेला, घरात एकट्याच. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही खालाच म्हणू लागलो. त्यांचा एकुलता एक मुलगा दुबईला होता. खरं तर ते शहर दुबई नव्हतं, पण आखातात गेलेला प्रत्येक माणूस आमच्याकडं दुबईलाच गेलेला असतो. तो दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि त्या पैशांतून खालांनी जुन्या घरावर नवा मजला चढवला होता. दोन खोल्या, एक मोठा हॉल, न्हाणीघर आणि पुढं गच्ची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवून सगळं समजावलं. चप्पल खाली काढायची, तंबाखू खायची नाही, टाइलचा तुकडा पडला तरी त्यांना दाखवल्याशिवाय फेकायचा नाही. मी सगळ्याला हो म्हणालो. मग त्यांनी शेवटचं सांगितलं.

"माझा बेटा तिकडं सुपरवायझर आहे. तुमच्यासारखे पन्नास मिस्त्री त्याच्या हाताखाली आहेत. काम बराबर झालं पाहिजे."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दिवसांत माझं निम्मं काम अशाच घरांत चालायचं. कुणाचा मुलगा तिकडं, कुणाचा जावई, कुणाचा भाऊ. एका घरात टाइल बसल्या की समोरच्या घरातून मोजमाप घ्यायला बोलावणं यायचं. मी जुनी का होईना मोटरसायकल घेतली होती, नवं कटर घेतलं होतं, आणि खालांचं काम झाल्यावर लगेच करायची आणखी दोन घरं हातात होती. आपली भाकरी कुठल्या तरी लांबच्या देशातल्या पगारावर भाजतेय हे मला दिसत होतं, पण त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

रोज दुपारी चहाच्या वेळेला मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा जेवणाची सुट्टी असायची. खाला फोन समोर धरून त्याला सगळा मजला फिरवून दाखवायच्या. पडद्यावर त्याचं फक्त तोंड दिसायचं, मागं पांढरी भिंत. मग तो मला प्रश्न विचारायचा. न्हाणीघराच्या टाइल पाण्यात किती वेळ भिजवल्या, उतार कुठून कुठं धरला, पहिली ओळ दारापासून लावली का मागच्या भिंतीपासून. मी चकित व्हायचो. आमच्याकडचे सुपरवायझर दारात उभं राहून 'छान आहे' म्हणतात आणि निघून जातात. हा माणूस हजारो मैलांवरून माझा सांधा मोजत होता.

दोन्ही खोल्या झाल्या, न्हाणीघर झालं, हॉल अर्धा झाला. एके दिवशी सकाळी खाला दोन कप चहा घेऊन वर आल्या आणि गच्चीच्या उंबऱ्यावर बसल्या. तशा त्या कधी बसत नसत.

"मिस्त्री, थोडे दिवस काम ठेवा," त्या म्हणाल्या. "तिकडं कंपनीची कामं बंद पडून राह्यली. पगार अर्धाच देऊन राह्यले."

झालेल्या कामाची मजुरी त्यांनी तिथंच हातात दिली. मी उरलेल्या टाइलची खोकी जिन्याखाली रचून ठेवली, वर पोतं टाकलं आणि घरी आलो. चार-सहा दिवसांत त्या पुढच्या दोन घरांचंही तेच झालं. एकीकडं भाऊ परत येणार म्हणून काम थांबलं, दुसरीकडं जावयाचा पगारच आला नव्हता.

टाइलच्या दुकानात गेलो तर दुकानदार एकटाच पेपर वाचत बसला होता. त्यानं मला समजावून सांगितलं. जगात तेलाचे भाव पडलेत, त्या देशांचा सगळा कारभार तेलावर, म्हणून तिकडच्या मोठमोठ्या इमारती अर्ध्यावर थांबल्यात. मी त्याला विचारलं, तेल स्वस्त झालं तर आपल्या पंपावर पेट्रोल का स्वस्त होत नाही? तो हसला. म्हणाला, स्वस्ताई आपल्याकडं येत नाही, फक्त मंदी येते.

मग मी अड्ड्यावर जाऊ लागलो. सकाळी मजूर आणि मिस्त्री ज्या चौकात कामाची वाट बघत उभे राहतात, तो आमचा अड्डा. तिथं उभं राहायची सवय मोडून मला कितीतरी वर्षं झाली होती. तिथं मला दुबईवरून परतलेली माणसं दिसायला लागली. आधी एकदोन, मग दर आठवड्याला चारपाच. त्यांचं ठरलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात गल्लीत खजूर आणि अत्तर वाटायचे, दुसऱ्या आठवड्यात पाहुणे-रावळे करायचे आणि तिसऱ्या आठवड्यात जुनी पँट घालून अड्ड्यावर यायचे. त्यांत प्लंबर होते, रंगारी होते, वायरमन होते. काम दोघांचं आणि उभे पाच जण. ठेकेदारांना हे लगेच कळलं. मी माझा दर सांगितला की ते म्हणायचे, तो पलीकडचा बघ, त्यानं दुबईत टॉवरचं काम केलंय आणि तो तुझ्यापेक्षा कमीत येऊन राह्यला.

मला त्या माणसांचा राग यायचा. त्यांचा काही दोष नव्हता हे कळत होतं, तरी यायचा.

घर माझ्या बायकोनं सांभाळलं. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकीत पाकिटं भरायच्या कामावर ती जाऊ लागली. सकाळी तिची रिक्षा यायची. मला काम नसेल त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडं. मी मन लावून भाकऱ्या थापायचो, पण त्या काही गोल व्हायच्या नाहीत. काटकोन तपासायला आमच्याकडं गुण्या नावाचं हत्यार असतं. पहिल्या दिवशी माझी भाकरी हातात धरून बायको म्हणाली, "गुण्या लावून थापली का?" दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी बघून तिच्या मैत्रिणी हसल्या म्हणून तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तशीच आणखी एक मागून नेली.

असे तीनेक महिने गेले. मग खालांचा निरोप आला की बेटा आलाय, येऊन हॉल पुरा करा.

मी गेलो. हॉलमध्ये खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घातलेला तिशीचा माणूस बसला होता. फोनवर बघितलेलं तेच तोंड, थोडं उतरलेलं. खालांनी त्याला सांगितलं की मिस्त्री चांगला आहे, पण तू डोक्यावर उभा राहा. मग त्या चहा करायला खाली गेल्या.

तो उठून माझ्या अर्ध्या फरशीवर आला. डावा गुडघा टेकला, उजवा पाय पुढं घेतला आणि एका झटक्यात खाली बसला. तसं बसायला शिकवावं लागत नाही, वर्षानुवर्षं काम केलं की येतं. बघता बघता त्यानं बोटाच्या पेरानं टाइल वाजवली, पुढची वाजवली, आणि तिसऱ्या टाइलवर थांबला.

"ही खालून पोकळ आहे," तो हळूच म्हणाला.

ती पोकळच होती. पण मी त्याच्या हाताकडं बघत होतो. बोटांची टोकं फाटलेली, नखं सिमेंटनं खाल्लेली. अगदी माझ्यासारखी.

"भाई," मी विचारलं, "किती वर्षं झाली टाइल बसवून?"

त्यानं आधी जिन्याकडं बघितलं. मग म्हणाला, "नऊ. अम्मीला म्हाईत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचे वडील मोंढ्यात धान्याची पोती उचलायचे. आयुष्यभर उचलली. तो तिकडं निघाला तेव्हा आईनं एकच मागणं केलं होतं, की तू खुर्चीवर बसायचं काम कर. तिथं पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्याला सिमेंट कालवायला लावलं. रात्री आईचा फोन आला, काय काम मिळालं म्हणून, आणि त्याच्या तोंडून सुपरवायझर निघून गेलं. पुढं ते बदलता आलं नाही. मदतनिसाचा मिस्त्री झाला, मिस्त्रीचा तिथला सगळ्यांत चांगला मिस्त्री झाला, पण सुपरवायझर काही झाला नाही. व्हिडिओ कॉलच्या आधी तो तोंड धुऊन मजुरांच्या कॅम्पच्या भिंतीसमोर उभा राहायचा.

त्याला हा हॉल स्वतःच्या हातानं पुरा करायचा होता. तिकडं त्यानं कुणास ठाऊक किती लोकांच्या घरात संगमरवर बसवला होता, स्वतःच्या घरात एक टाइल नव्हती. मला त्याचं म्हणणं पटलं. खाला त्या दिवसांत रोज दहा ते एक आपल्या बहिणीकडं जायच्या. तिथं सुनेचं बाळंतपण झालं होतं. त्या गेल्या की हा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, माझी जुनी पँट घालायचा आणि कामाला लागायचा. मी त्याला माल कालवून द्यायचो. त्यानं तिकडून एक छोटं यंत्र आणलं होतं, ते मधोमध ठेवलं की चारी भिंतींवर एकाच उंचीवर लाल रेघ उमटायची. आम्ही पाण्याची नळी धरून जे अर्ध्या तासात करायचो ते त्याचं मिनिटात व्हायचं. माझ्या दोन टाइल त्यानं उचकटून पुन्हा बसवल्या. मी दुपारपर्यंत फुगून बसलो होतो, पण त्याच्या हाताखाली माल कसा सरकतो ते बघितल्यावर राग धरणं जमेना.

साडेबाराला तो हातपाय धुऊन, शर्ट घालून खुर्चीवर बसायचा आणि मी थापी घेऊन खाली. खाला यायच्या, फरशी बघायच्या आणि मला म्हणायच्या, "बघा, साहेब डोक्यावर असला की हात कसा चालतो." मी मान खाली घालायचो. तो खोकायचा.

चौथ्या दिवशी त्या अकरालाच परत आल्या. चष्मा घरी राहिला होता. आम्हाला जिन्यावरचा आवाज आला नाही, कारण कटर चालू होतं. कटर थांबलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा कोपरापर्यंत सिमेंटमध्ये, गुडघ्यावर. आणि मी त्याच्या खुर्चीवर, पाठीला त्याचा इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा कप. मी इतक्या घाईनं उठलो की चहा ताज्या फरशीवर सांडला.

"अम्मी, मी जरा यांना दाखवून राह्यल्तो," तो म्हणाला.

"राहू दे," खाला म्हणाल्या. "सुट्टीवर यायचा तेव्हा तुझे कपडे कोण धुवायचं? दरवेळेला पँटीचे गुडघे पहिले फाटलेले. शिवणीत सिमेंट. सुपरवायझर काय गुडघ्यावर चालतो?"

त्यानं हाताला लागलेला माल झटकला. "मंग तू साऱ्या गल्लीला का सांगत होती?"

"तू मला सांगितलं म्हणून. मला वाटलं, तसं सांगितल्यानं तुला बरं वाटतं."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दारात त्या आणि मधे ओली फरशी. शेवटी त्यांनीच विचारलं, कुठून चालू? त्यानं भिंतीकडेची वाळलेली ओळ दाखवली. त्या पदर सावरत, एकेक पाऊल टाकत त्याच्यापर्यंत गेल्या, खाली बसल्या आणि त्यानं बसवलेल्या टाइलवरून हात फिरवला. खूप वेळ फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही चहा पिऊन राह्यले."

तो आधी हसला, मग आम्ही सगळेच. त्यानंतर त्यांनी विचारलं की कुठली टाइल कुणाची. आम्ही सांगायच्या आत त्यांनी ओळखलं. माझ्या बाजूकडं बघून म्हणाल्या, "तुमची पण चांगली आहे." ते 'पण' मला चार दिवस टोचलं.

हॉल पुरा झाला. आता खुर्ची आमच्यापैकी कुणालाच लागत नव्हती. शेवटच्या दिवशी तो म्हणाला की उद्यापासून मीही अड्ड्यावर येतो. मी बरं म्हणालो आणि घरी येईपर्यंत एकच हिशोब करत राहिलो. एवढा हात, वर ते यंत्र. हा अड्ड्यावर आला की मला कोण नेणार? जेवताना मी बायकोला सांगितलं. ती शांतपणे घास खात होती.

"त्याला अड्ड्यावर उभं राहू देण्यापरीस तुमच्या संग घ्या," ती म्हणाली. "तिथं तो तुमच्या समोर उभा राहीन. तुमच्या संग असला तर ठेकेदारासमोर उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अड्ड्यावर न जाता खालांच्या घरी गेलो आणि त्याला विचारलं. त्यानं लगेच हो म्हटलं. नंतर कळलं, आपल्यामुळं माझी गिऱ्हाइकं जातील या विचारानं तोही रात्रभर अवघडला होता.

सुरुवातीला आमचं रोज भांडण व्हायचं. तिकडच्या इमारतींच्या भिंती सरळ असतात. जुन्या जालन्यातल्या एका खोलीत त्यानं यंत्र लावलं तर एक भिंत मधोमध चार बोटं बाहेर आलेली. तो घरमालकाला म्हणाला, आधी ही भिंत पाडावी लागेल. घरमालक घाबरला. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं की इथं भिंत पाडत नसतात, कपाट कुठं ठेवणार ते विचारतात आणि वाकडेपणा कपाटामागं नेतात. ही विद्या त्याला नवी होती. दोन महिन्यांत तो माझ्यापेक्षा पटाईत झाला. मी त्याच्याकडून पोकळ न राहणारी टाइल शिकलो.

दर मात्र आम्ही पाडला नाही. आम्ही दोघं मिळून एका खोलीला निम्मा वेळ लावायचो, म्हणून लोकांना परवडायचं. एकदा चहाच्या टपरीवर आठ मिस्त्रींना गोळा करून ठरवलंही की अमुक दराखाली कुणी जायचं नाही. आठवडाभर सगळ्यांनी ते पाळलं. मग एकानं मोडलं आणि दुसऱ्यानं लगेच मोडलं. पण तेवढ्या आठवड्यात आम्हाला अंकुशनगरला साखर कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थाच्या घराचं काम मिळालं. न्हाणीघराचा उतार त्यांना इतका पसंत पडला की बादलीभर पाणी ओतून ते शेजाऱ्यांना दाखवायचे. त्या एका बादलीवर आम्हाला तिथं आणखी तीन घरं मिळाली.

दीडएक वर्षानं तिकडं पुन्हा कामं सुरू झाली. अड्ड्यावरची माणसं एकेक करून कमी होऊ लागली. खालांच्या मुलालाही जुन्या कंपनीचा फोन आला. त्यानं सांगितलं, हातातलं काम उरकून येतो. ते उरकेपर्यंत दुसरं लागलं. पुन्हा फोन आला, पुन्हा त्यानं तेच सांगितलं. मी एकदा त्याला स्पष्ट विचारलं की तिकडं जास्त मिळत असताना का थांबलास. तो म्हणाला, तिकडं काम झालं की आपण निघून जातो आणि त्या फरशीवर कोण चाललं ते कधी दिसत न्हाई. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

गेलेल्या माणसांचे पैसे पुन्हा घरी येऊ लागले, थांबलेली घरं पुढं सरकली, आणि आता मिस्त्री कमी, कामं जास्त अशी गत झाली. दर आपोआप वर गेला. बायकोला मी म्हणालो, आता तू नोकरी सोडली तरी चालेल. ती म्हणाली, बिलकुल न्हाई. तोवर तिच्याकडं पाकिटांच्या एका अख्ख्या टेबलाची जबाबदारी आली होती आणि दिवाळीला तिनं स्वतःच्या पगारातून शिलाई मशीन घेतलं होतं.

मागच्या वर्षी त्या मुलाचं लग्न जमलं. मुलीकडची माणसं परभणीची. बघायला आली तेव्हा मीही होतो, वरच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? खालांनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं, "फरशी बसवतो. तुम्ही बसले ती त्यानंच बसवली." ते गृहस्थ सतरंजीचा कोपरा उचलून बघू लागले. त्यांच्यासंग आलेली मुलगी दारातून बघत होती, तीही वाकली. मुलाच्या कानशिलाला घाम आला होता.

सध्या आम्ही पाच जण आहोत. दोघं नुकतेच तिकडून परतलेत, कारण पुन्हा कुठल्या तरी कंपनीचं काम थांबलंय. त्यांतल्या एकाला भिंतीवर टाइल लावता येते पण जमिनीवर येत नाही. त्याला मी रोज थोडं थोडं शिकवतोय. उद्या सकाळी सात वाजता अंबडच्या रस्त्यावर एका दवाखान्याची फरशी सुरू करायची आहे, म्हणून वाळू आजच चाळून ठेवली.